गृहकर्ज थकलं, १३(२) ची नोटीस आली. साठ दिवसांत नेमकं काय करायचं?

उंबरठा

नमस्कार. फ्लॅटवर एका खासगी बँकेचं ३५ लाखांचं गृहकर्ज आहे. मुदत २० वर्षं, फ्लोटिंग दर ८.७५ टक्के, हप्ता ३०,९३० रुपये. तीन वर्षं हप्ते वेळेवर गेले. मिस्टरांची नोकरी गेल्यावर सहा हप्ते थकले. आता सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टात न जाता तारणातून वसुली करू देणारा कायदा) कलम १३(२) खाली नोटीस आली आहे: ६० दिवसांत ३४ लाख ४० हजार भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ. कर्ज आणि फ्लॅट दोन्ही आमच्या दोघांच्या नावावर. माझा पगार ४२ हजार. मिस्टरांना नवीन काम लागेल असं दिसतंय, पण दोन महिने तरी जातील. फ्लॅटचा आजचा भाव साधारण ५२ लाख.

विचारायचं ते असं. सगळे ३४ लाख भरावेच लागतात, की थकलेले हप्ते भरून भागतं? दिवाणी कोर्टातून स्टे मिळतो का? फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही सासऱ्यांकडे राहायला गेलो तर? आणि एका एजन्सीचा सारखा फोन येतोय की "४० टक्क्यांत सेटलमेंट करून देतो, तोवर बँकेला एक रुपयाही देऊ नका". हे खरं असतं का?

वसुली_टेबल

ताई, आधी नोटिसीवरची तारीख बघा. ६० दिवस नोटिसीच्या तारखेपासून धरतात, तुमच्या हातात पडली त्या दिवसापासून नाही. पोस्टात आठ दिवस गेले असतील तर ते तुमचेच गेले. पाकीट मात्र फेकू नका, त्यावरचा शिक्का पुढे लागू शकतो.

आता पैशांचं. कागदावर बँकेने पूर्ण कर्ज परत मागितलं आहे, म्हणून आकडा ३४ लाख ४० हजार. पण घरकर्जात, घरात राहणारा कर्जदार आणि पुढे पगार चालू होण्याची शक्यता असेल, तर बहुतेक बँका थकबाकी पूर्ण भरल्यावर खातं नियमित करून पुढची कारवाई थांबवतात. यात "पूर्ण" हा शब्द महत्त्वाचा. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए (अनुत्पादक, म्हणजे थकीत) होतं. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकानुसार मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते परत स्टँडर्ड (नियमित) करता येत नाही. सहापैकी चार हप्ते भरले, तर खातं ९० दिवसांच्या आत आल्यासारखं दिसतं, पण शिक्का एनपीएचाच राहतो आणि नोटिसीचं घड्याळ चालूच राहतं. लोक इथेच फसतात. दर महिन्याला थोडे थोडे भरत राहतात, शाखेतला माणूस "भरत राहा, बघू" म्हणतो, आणि वसुली विभाग वेगळ्या इमारतीत बसून ताब्याची तयारी करत असतो. शाखेच्या हातात आता फारसं काही नाही. नोटिसीखाली ज्या प्राधिकृत अधिकाऱ्याची सही आहे, बोलणं त्याच्याशीच.

तुमचा आकडा: ६ गुणिले ३०,९३० म्हणजे १,८५,५८०, अधिक दंड आकार, नोटिसीचा आणि वकिलाचा खर्च. साठ दिवस संपेपर्यंत आणखी दोन हप्ते देय होतील, तेही धरा. म्हणजे अडीच लाखांच्या आसपासची तयारी ठेवा. भरण्याआधी बँकेकडून लेखी घ्या (ई-मेल चालेल) की "अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत भरल्यास खाते नियमित करून १३(२) ची नोटीस मागे घेण्यात येईल". कायद्याने बँक यासाठी बांधील नाही, म्हणून तर लेखी हवं.

आणि खात्याचा तपशीलवार उतारा मागा: मुद्दल, व्याज, दंड आणि कायदेशीर खर्च वेगवेगळे दाखवलेला. जुन्या कर्जांनाही ३० जून २०२४ पर्यंत नवीन नियम लागू झाला. आता "दंडव्याज" नाही, फक्त "दंड आकार", आणि तो मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. उताऱ्यात तसं मिसळलेलं दिसलं तर आक्षेपाचा चांगला मुद्दा मिळाला.

कलम_सतरा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त कायद्याचा रस्ता सांगतो.

दिवाणी कोर्टाचा विचार सोडून द्या. कलम ३४ ने दिवाणी न्यायालयाला यात मनाई आहे. उच्च न्यायालयात रिट घालायचा सल्लाही पुष्कळ वकील देतात. डीआरटीचा (कर्ज वसुली न्यायाधिकरणाचा) पर्याय उपलब्ध असताना रिट ऐकू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी वेळा सांगितलंय. फी जाते आणि तेवढ्यात मुदतही जाते.

तुमच्या हातातलं पहिलं हत्यार म्हणजे कलम १३(३अ) चं निवेदन. साठ दिवसांच्या आत लेखी आक्षेप द्या. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावंच लागतं. उत्तर दिलंच नाही, किंवा "आपले म्हणणे मान्य नाही" अशी एक ओळ पाठवली, तर तो मुद्दा पुढे डीआरटीत धरता येतो. नुसत्या त्या उत्तराविरुद्ध मात्र डीआरटीत जाता येत नाही. त्यासाठी बँकेने प्रत्यक्ष पाऊल उचलेपर्यंत थांबावं लागतं.

निवेदनात रडगाणं नको. ठोस गोष्टी हव्यात. एनपीएची तारीख चुकलीय का, एखादा भरलेला हप्ता जमा दाखवलेला नाही का, फ्लॅट क्रमांक, विंग, सिटी सर्व्हे नंबर बरोबर आहे का, दोघाही कर्जदारांना नोटीस वेगळी मिळाली का. त्यानंतर तुमचा प्रस्ताव: किती रक्कम, कोणत्या तारखेला, कुठून येणार. पाळता येणार नाही अशी तारीख लिहू नका. मोडलेलं लेखी आश्वासन पुढे बँकेचाच वकील वाचून दाखवतो.

साठ दिवसांत तोडगा निघाला नाही तर कलम १३(४). आधी येतो सांकेतिक ताबा: दारावर ताबा-नोटीस चिकटवतात आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तुम्ही घरातच असता, म्हणून लोकांना वाटतं अजून काही झालं नाही. पण डीआरटीत जायची कलम १७ ची ४५ दिवसांची मुदत इथूनच मोजायला लागते. कुलूप लावायला माणसं येतील तेव्हा बघू म्हणत बसलात तर ही मुदत हातची जाते.

डीआरटी मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद) आहेत. तुमचा फ्लॅट किंवा कर्जाची शाखा ज्याच्या हद्दीत, तिथे अर्ज. कोर्ट फी: १० लाखांवरच्या थकीत रकमेला ५,००० रुपये, अधिक १० लाखांवरच्या प्रत्येक लाखाला किंवा त्याच्या भागाला २५० रुपये, कमाल एक लाख. तुमच्या ३४.४० लाखांना ५,००० अधिक २५ गुणिले २५०, म्हणजे ११,२५०. वकिलाची फी वेगळी. स्टे मिळतो तो बहुतेक वेळा काही रक्कम भरण्याच्या अटीवर, म्हणजे रिकाम्या हाताने तिथेही जाऊ नका. डीआरटीत हरलात तर अपिलासाठी ५० टक्के रक्कम भरावी लागते, ती २५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. सांगायचं एवढंच की जोर पहिल्याच पायरीवर लावा.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली मुंबईत मुख्य दंडाधिकाऱ्यांकडे, जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. तिथे तुमची बाजू ऐकली जाईल ही आशा नको. बँकेचं प्रतिज्ञापत्र तपासून ३० दिवसांत, फार तर एकूण ६० दिवसांत आदेश व्हावा अशी तरतूद आहे.

भाड्याने देण्याबद्दल: १३(२) ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकणं, भाड्याने देणं, नावावर करून देणं, सगळं बंद. कलम १३(१३). बँकेची संमती घेऊन भाडं थेट कर्जखात्यात वळवायचा प्रस्ताव देऊ शकता, क्वचित मान्य होतो. गुपचूप भाडेकरू ठेवलात तर तो माणूसही अडकेल.

पाचवा_मजला

लिलावाच्या दिवसापर्यंत कधीही पूर्ण पैसे भरून घर सोडवता येतं ना? मग इतकी घाई कशाला?

कलम_सतरा

@पाचवा_मजला, ते २०१६ आधीचं. तेव्हाच्या दुरुस्तीनंतर कलम १३(८) खालचा घर सोडवायचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये बाफना मोटर्सच्या निकालात हेच सांगितलं. नोटीस छापल्यानंतर सगळी रक्कम घेऊन गेलात तरी हक्क म्हणून घर मागता येत नाही. इंटरनेटवरचे जुने लेख अजून जुनंच सांगतात, म्हणून लेखाची तारीख बघून वाचा.

हिशेबवही

एजन्सीबद्दल मी लिहिते.

बँक सवलतीत तडजोड कधी करते? तारण विकून पैसे सुटणार नाहीत अशी भीती असते तेव्हा. तुमचा फ्लॅट ५२ लाखांचा, येणं ३४ लाख. बँकेचा प्रत्येक रुपया तारणात सुरक्षित आहे, मग तिने ६० टक्के का सोडावेत? ४० टक्क्यांची भाषा विनातारण पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डांची. तीच जाहिरात घरकर्जवाल्यांना चिकटवतात. "बँकेला काही देऊ नका" या सल्ल्यात एजन्सीची फी सुटते आणि तुमचे साठ दिवस जातात. शिवाय तडजोड झालीच तर क्रेडिट अहवालात "सेटल्ड" असं लागतं, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या चौकटीप्रमाणे त्या बँकेकडून पुढचं कर्ज मिळायला किमान १२ महिने थांबावं लागतं. फोन करणाऱ्याला आगाऊ फी देऊ नका, आणि ओटीपी, नेटबँकिंग किंवा कोऱ्या कागदावर सही तर अजिबातच नाही.

एक गोष्ट कुणीच बघत नाही म्हणून लिहिते. कर्ज घेताना बँकेने बहुधा एखादा विमा गळ्यात मारलेला असतो. ती पॉलिसी शोधा. काहींत नोकरी गेल्यावर ठराविक हप्ते भरायची तरतूद असते, काहींत गंभीर आजाराची. स्वतः दिलेला राजीनामा बहुतेकदा बसत नाही, कपात बसू शकते. दाव्याची सूचना द्यायची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते, ती आधी वाचा.

उंबरठा

सगळ्यांचे आभार, फार मोकळं वाटलं. पॉलिसी सापडली, वाचतेय. सोनं आणि मिस्टरांचा पीएफ मिळून अडीच लाख उभे राहतील असं दिसतंय. पण पुढचे हप्ते? बँकेने मुदत वाढवून दिली तर हप्ता किती कमी होईल? आणि शेवटी विकावंच लागलं तर लिलावापेक्षा स्वतः विकणं जमतं का?

हिशेबवही

मुदतवाढीचं गणित मांडते, कारण याबद्दल फार भाबड्या आशा असतात. तुमचं थकण्याआधीचं मुद्दल साधारण ३२.८ लाख. ८.७५ टक्क्यांनी त्याचं नुसतं व्याजच महिन्याला सुमारे २३,९०० होतं. हप्ता त्याच्या खाली जाऊच शकत नाही. उरलेली १७ वर्षं वाढवून २५ केली तर हप्ता साधारण २६,९७० होतो. म्हणजे वाचले चार हजार. त्या बदल्यात एकूण भरणा सुमारे ६३ लाखांवरून ८१ लाखांवर जातो. आणि निवृत्तीच्या वयापुढे बँका मुदत देत नाहीत, त्यामुळे २५ वर्षं मिळतील की नाही तेही वयावर. ४२ हजारांच्या पगारात २७ हजारांचा हप्ता सहा महिनेसुद्धा ओढवत नाही.

म्हणून नुसती मुदतवाढ मागण्यापेक्षा तीन-चार महिने फक्त व्याज भरायची सोय मागा आणि नोकरी लागल्यावर पूर्ण हप्ता. मिस्टरांचं ऑफर लेटर आलं तर त्याची प्रत जोडा, त्याने निर्णय बराच हलतो. दुसरं, दर तपासा. फ्लोटिंग कर्ज जुन्या जास्त मार्जिनवर (मूळ दरावर बँक लावते तो जादा टक्का) अडकलेलं असेल तर खातं नियमित झाल्यावर थोडी फी भरून ते कमी करून मिळतं. एनपीए असताना दुसऱ्या बँकेत कर्ज हलवणं जवळजवळ अशक्य.

अशी पुनर्रचना (हप्त्यांची नवीन मांडणी) झाली की क्रेडिट अहवालात "रिस्ट्रक्चर्ड" दिसतं. आत्ता त्याची काळजी करू नका.

वसुली_टेबल

विक्रीबद्दल. जमतं, आणि दोन महिन्यांत नोकरीचं चिन्ह दिसलं नाही तर तेच करा. लिलावात राखीव किंमत बँकेच्या मूल्यांकनावर ठरते. ताबा, भांडण, आतून घर बघायला न मिळणं, यामुळे बोली लावणारे कमी येतात. पहिला लिलाव ओस गेला की पुढच्याला राखीव किंमत खाली आणतात. ५२ लाखांचा फ्लॅट मग किती खाली जातो ते सांगायला नको. लिलावातून देणं फिटून उरलेले पैसे तुमचेच असतात, बँक ठेवून घेऊ शकत नाही. पण कमी पडले तर उरलेलं देणं तुमच्याच डोक्यावर राहतं.

स्वतः विकायचं तर प्राधिकृत अधिकाऱ्याला पत्र: "आम्ही खासगी विक्रीने कर्ज फेडू इच्छितो, कलम १३(१३) खाली लेखी संमती द्यावी, ९० दिवस द्यावेत." सोबत एजंटचं किंवा इच्छुक खरेदीदाराचं पत्र असेल तर उत्तम. बँकेलाही लिलावाची कटकट नको असते. संमती मिळाल्यावर दोन कागद काढा: कर्ज पूर्ण फेडीच्या रकमेचं पत्र (त्यावर वैधतेची तारीख असते, संपली की नवीन काढावं लागतं) आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी. खरेदीदार कर्ज घेणार असेल तर त्याची बँक हे दोन्ही मागतेच. पैसे थेट तुमच्या कर्जखात्याच्या नावे डीडीने जायला हवेत, फरकाची रक्कम तुमच्या खात्यात. टोकनही शक्यतो कर्जखात्यातच भरा, नाहीतर ते घरखर्चात विरतं आणि सौदा मोडला की परत द्यायला नसतं. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक घरकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, तो लावला असेल तर काढायला लावा.

किंमत ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस कापून भरतो, ते धरून हिशेब करा. सोसायटीचा मेंटेनन्सही आधी चुकता करा, ना-हरकत अडते ती तिथेच. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत द्यायचे, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. सीईआरएसएआयच्या (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदणी) नोंदवहीतून बोजा उतरला का तेही तपासा, हे बँका विसरतात.

पाचवा_मजला

आणि वसुलीवाले रात्री दहाला दारात येतात त्याचं काय? शेजाऱ्यांसमोर आरडाओरडा करतात.

कलम_सतरा

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला किंवा घरी यायला त्यांना मनाई आहे, रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचना आहेत. शेजारी, नातेवाईक, ऑफिस यांच्याकडे बदनामी करणंही बंद. तारीख-वेळ लिहून, कॉल रेकॉर्ड ठेवून आधी बँकेच्या तक्रार विभागाला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार, फुकट असते. कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे. एवढं लक्षात ठेवा की या तक्रारीने साठ दिवसांचं किंवा पंचेचाळीस दिवसांचं घड्याळ थांबत नाही. दोन्ही गोष्टी समांतर चालवायच्या.

@उंबरठा, वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तुम्ही सहकर्जदार आहात म्हणजे अर्ज तुमच्या नावाने करा. हेल्पलाइन १५१००. राष्ट्रीय लोकअदालतीत बँका दाखलपूर्व (कोर्टात दाखल होण्याआधीची) प्रकरणं ठेवतात, तिथे तुमचं नाव घालायला प्राधिकरणातूनच सांगता येतं. जाताना नोटीस, पाकीट, कर्ज करार, मंजुरीपत्र, खात्याचा उतारा आणि आतापर्यंतच्या सगळ्या ई-मेलच्या छापील प्रती न्या.

तळटीप

थोडं विषयांतर. आमच्या ओळखीतल्या एकांचं कर्ज पतसंस्थेचं आहे, त्यांना हेच लागू होतं का?

कलम_सतरा

नाही. सहकारी बँकेला सरफेसी लागू आहे, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये पांडुरंग चौगुले विरुद्ध मुरगूड सहकारी बँक या प्रकरणात तसा निर्णय दिला. पतसंस्था मात्र बँक नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते आणि कलम १५६ खाली विशेष वसुली अधिकारी जप्ती करतो. तिथे साठ दिवसांची नोटीस, डीआरटी, काहीच नाही. दाखला देण्यापूर्वी निबंधकाकडे सुनावणी लागते, त्या तारखेला हजर राहून हिशेबाचा आक्षेप लेखी द्यायला सांगा. दाखला निघाल्यावर पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात, आणि ते कुणाला परवडत नाही. सुनावणीचं समन्स आलंय का ते आधी विचारा, मग पुढचं सांगतो.